मराठी अक्षरांचे मग : कराडमधल्या कामाच्या नोंदी

६ मे २०२४
मगांवर मराठी नावं-मजकूर छापायच्या घरच्या धंद्यासाठी प्रिंटर आणि मग प्रेस (कागदावरचं चित्र उष्णतेने मगावर उतरवणारं यंत्र) दोन्ही आज घरी आले. पुढच्या खोलीतलं शिलाई मशीन आईंच्या खोलीत गेलं आणि त्या जागी टेबल लागलं. भिशी याच महिन्यात लागली, त्यामुळे कर्जाच्या वाटेला जावं लागलं नाही. मुद्रा योजनेच्या शिशु गटात पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळतं, त्याची कागदपत्रं फक्त विचारून ठेवली आहेत.

हिशेब असा : चार रंगांचा एप्सन इकोटँक प्रिंटर ११,५००, मग प्रेस ५,२००, सब्लिमेशन शाईचा (तापली की थेट वायू होणाऱ्या शाईचा) संच १,४००, शंभर-शंभर कागदांचे दोन गठ्ठे ७००, उष्णता सोसणारी टेप २५०, कोऱ्या मगांचा एक खोका म्हणजे ३६ नग, ७२ रुपयांप्रमाणे २,५९२. हमाली-भाडं धरून बावीस हजारांच्या आसपास.

टी-शर्ट न घेता मग का, हे लिहून ठेवते. टी-शर्टला मापं आली, म्हणजे प्रत्येक मापाचा साठा आला. मगाचं एकच माप, अकरा औंसांचं, सव्वातीनशे मिलीलीटर चहा-कॉफी मावणारं. पण खरं कारण वेगळं आहे. इतकी वर्षं छापखान्यात लग्नपत्रिकांचं डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, केलं. गावातल्या गिफ्टच्या दुकानांत मग बघते तेव्हा फोटो सुरेख असतो आणि खालचं मराठी मोडलेलं. ‘शुभेच्छा’मधला च्छ तुटून दोन तुकडे झालेला, ‘हार्दिक’चा रफार भलत्याच अक्षरावर बसलेला. ज्याच्या नावाने ती वस्तू दिली जाते त्याचं नावच नीट नसावं, हे मला सहन होत नाही. माझ्याकडचा मग अक्षरावरून ओळखला जावा, एवढ्यासाठी हा धंदा.

७ मे
प्रिंटरमध्ये पहिल्यापासून सब्लिमेशनचीच शाई भरली. सोबत आलेल्या साध्या शाईच्या बाटल्या तशाच बंद ठेवल्या. एकदा साधी शाई आत गेली की नळ्या धुऊन काढण्यातच दिवस जातो आणि रंगही मिसळतात. अशी शाई भरल्यावर कंपनीची वॉरंटी राहत नाही, ते धरूनच चालायचं.

या कामाला कुठलाही प्रिंटर चालत नाही. काही प्रिंटर शाई तापवून, तिचा बुडबुडा करून थेंब फेकतात. एप्सनच्या हेडमध्ये विजेने हलणारा स्फटिक असतो, तो दाबाने थेंब ढकलतो, शाई तापत नाही. आपली शाई तापली की वायू होणारी, म्हणून ती आधी तापून उपयोगी नाही.

शाळेत संप्लवन शिकलो होतो : कापूर तापवला की पातळ न होता थेट धूर होतो. या शाईतल्या रंगाचंही तसंच. १८०–२०० अंशांना तो घनाचा थेट वायू होतो आणि मगावरच्या पॉलिस्टरच्या लेपात शिरतो. गार झाला की आतच अडकतो. म्हणून छापलेल्या मगावर हात फिरवला तर काही लागत नाही. म्हणूनच घरातला कुठलाही पांढरा कप चालत नाही. नुसत्या चिनी मातीला रंग धरत नाही, वर लेप हवाच. आणि पांढरी शाई या प्रकारात नसतेच. पांढरं दिसायचं ते मगाचंच पांढरं.

१४ मे
चाचण्या सुरू. मामांनी (ठोक माल देणारे, नात्याने नव्हे, सगळं मार्केट त्यांना मामा म्हणतं) खोक्यासोबत बुडाला खरचटलेले थोडे मग कमी भावात दिले. ते चाचणीसाठीच. प्रत्येकाच्या बुडाला मार्करने तापमान आणि सेकंद लिहिते.

१८० अंश, १५० सेकंद : रंग फिके, काळा राखाडी.
१८० अंश, २१० सेकंद : बरा. लाल भरला. कानाजवळची उभी पट्टी मात्र फिकट.
२०० अंश, २१० सेकंद : काळा तपकिरीकडे, चेहरे भाजल्यासारखे, अक्षरांच्या कडा पसरल्या.
१९० अंश, १८० सेकंद, दाब जरा वाढवून : आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला.

प्रेसवरचा आकडा हीटरचा आहे, मगाचा नाही. गार मग आत ठेवला की आकडा धपकन खाली येतो. तो पुन्हा वर चढल्यावरच सेकंद मोजायला सुरुवात करायची. नुसतं ‘तीन मिनिटं’ सांगणाऱ्यांचे मग एकसारखे येत नाहीत ते यामुळे.

कागद छापून बाहेर येतो तेव्हा रंग मळकट असतात, लाल विटकरी, निळा धुरकट. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल बिघडलं. प्रेस उघडून टेपचं टोक चिमट्याने धरायचं आणि कागद एका झटक्यात, न सरकवता ओढायचा. खाली तोच लाल कुंकवासारखा निघतो. रेंगाळत काढला तर कागद गरम मगावर पुन्हा टेकतो आणि अक्षराला सावली पडते. आईंना पहिला चांगला मग दाखवला. त्यांनी आधी नखाने खरवडून बघितला, मग म्हणाल्या, “निघत नाही गं.”

२३ मे
आठवडाभर काळ्या रंगामागे होते. मराठी मजकूर बहुतेक काळ्यातच असतो, आणि तो तपकिरी दिसला की सगळा मग जुना वाटतो. शाईवाल्याकडून त्या शाई-कागदाचं कलर प्रोफाइल (रंग खरे यावेत म्हणून लावायची फाइल) मागून घेतलं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते लावायचं आणि प्रिंटरची स्वतःची रंगदुरुस्ती बंद करायची. दोन्ही चालू राहिल्या तर रंग दोनदा बदलतो. आता काळा काळा येतो. चेहरे अजून थोडे लालसर आहेत. फोटोतला लाल किंचित उतरवून छापते.

४ जून
दुसऱ्या एका ठोक व्यापाऱ्याकडून ५८ रुपयांचे मग आणून पाहिले. नगामागे चौदा रुपये वाचतात, म्हणजे खोक्याला पाचशेवर. पण ट्यूबलाइटखाली आडवा धरून फिरवला की लेपाचे ओघळ दिसतात, आणि काठाखाली बोटभर जागेत लेपच नाही. तिथे छापलेला निळा पुसट आला. घेरही सारखा नाही : कागदाची पट्टी गुंडाळून मोजला तर दोन मगांत तीन-चार मिलीमीटरचा फरक. घेर बदलला की प्रेसचा दाब बदलतो आणि १४ मेची सगळी मोजणी वाया.

मामांना सांगितलं, तुमचाच माल घेणार, पण प्रत्येक खोका उघडून देताना बघणार. म्हणाले, “बघ की ताई, मी कुठं नाही म्हणतो?” ठोक घेताना बुडाची कड, कानाचा जोड आणि काठ एवढं तरी उजेडात बघावंच.

१२ जून
कागदपत्रांचं काम. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आधारवरून, ऑनलाइन, फुकट. या कामाचे पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून लांब राहावं. शॉप ॲक्टमध्ये, म्हणजे दुकानं-आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात, माझ्यासारख्या एकटीच्या कामाला परवाना लागत नाही, सूचना दिली की पुरे. वस्तूंच्या विक्रीला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. राज्याबाहेर माल पाठवायचा तर वेगळे नियम, ते वेळ येईल तेव्हा सीएंना विचारून. बँकेत चालू खातं उघडलं.

२० जून
पाऊस लागला आणि मगांवर निळसर ठिपके यायला लागले. सेटिंग तेच, शाई तीच. कागद हातात घेतला तर मऊ, दमट. सब्लिमेशनचा कागद ओल पितो, प्रेसमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि रंग जिकडे जायला नको तिकडे नेते.

उपाय केले ते असे. कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह. लागेल तेवढाच बाहेर काढायचा. छापलेला कागद लगेच गुंडाळायचा नाही, शाई पुरती वाळू द्यायची. आणि कोरा मग आधी अर्धा मिनिट कागदाशिवाय प्रेसमध्ये ठेवून कोरडा करायचा. वेळ वाढतो, पण ठिपके गेले. कराडचा पाऊस सप्टेंबरपर्यंत आहे, तोवर हेच.

वासाचंही लिहिते. प्रेस चालू असताना उग्र वास येतो. खिडकी उघडी आणि पंखा बाहेरच्या दिशेने, हे नेहमीच. मुलं या खोलीत नाहीत.

५ जुलै
आज अक्षरांचं काम, ज्यासाठी हे सगळं मांडलं.

छापखान्यात सगळं श्रीलिपी या मराठी डीटीपीच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायचं. ती अक्षरं देखणी आहेत, पण त्या जुन्या फॉन्टांची सांकेतिक मांडणी वेगळी, त्यामुळे मजकूर दुसरीकडे नेला की गोंधळ होतो. गिऱ्हाईक आता नाव व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्येच (सगळ्या मोबाइल-संगणकांवर चालणाऱ्या अक्षरसंकेतात) पाठवतं. म्हणून सगळं काम युनिकोडवर आणलं. फॉन्ट मुक्त परवान्याचे घेतले : ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’, आणि गंभीर मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी. या शेवटच्यात ल पाकळीचा आणि श देठाचा येतो, आपल्या डोळ्याला सवय असलेला. हिंदी वळणाचा ल मगावर मोठा करून छापला की काहीतरी परकं वाटतं, आणि का वाटतं ते गिऱ्हाइकाला सांगता येत नाही.

डिझाइनची काही सॉफ्टवेअरं जोडाक्षरं अजून मोडतात. पहिली वेलांटी एक अक्षर पुढे सरकते, रफार सुटतो. मी परीक्षेसाठी एक यादी केली आहे : श्रद्धा, ज्ञानेश्वरी, कृष्णा, ऋत्विक, वाङ्मय, द्वारका, तऱ्हा, कुऱ्हाड, शार्दूल. यातलं एकही मोडलं तर ते सॉफ्टवेअर किंवा तो फॉन्ट बाद. ‘ऱ्ह’मध्ये बरेच फॉन्ट नापास होतात.

उकार आणि मात्रा यांचंही बघावं लागतं. इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने ओळींतलं अंतर ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेषा फार जाड असेल तर गरम होताना रंग थोडा पसरतो तेव्हा ती अनुस्वाराला चिकटते. म्हणून लहान मजकुराला मध्यम जाडीचं अक्षर, आणि अनुस्वार हाताने केसभर वर.

८ जुलै
मगावर चित्र कुठे बसवायचं याचं गणित. मगाचा व्यास ८२ मिमी, म्हणजे घेर सुमारे २५८. छपाईची पट्टी २०० × ९० मिमी. पट्टीचा मध्य कानाच्या बरोबर समोर येतो. पट्टी आणि कान यांच्यात दोन्हीकडे २९ मिमी कोरे राहतात. कानापासून पाव घेर म्हणजे साडेचौसष्ट. त्यातून २९ गेले की राहिले साडेपस्तीस. म्हणजे डावी किंवा उजवी बाजू माणसासमोर नीट यावी असं वाटत असेल तर चित्राचा मध्य पट्टीच्या कडेपासून ३६ मिमीवर हवा. सगळे पट्टीचे दोन समान भाग करून ५० वर ठेवतात, म्हणून चेहरा अर्धा वळलेला दिसतो.

कुठलं चित्र कोणाला दिसतं हेही आधी विचारायचं. उजव्या हाताने मग धरला की पट्टीचा उजवा भाग पिणाऱ्याकडे येतो आणि डावा समोरच्याकडे. बाबांना दिलेल्या मगावर नातवंडांचा फोटो त्यांना स्वतःला दिसायला हवा. दुकानाच्या जाहिरातीचं नाव समोरच्याला. डावखुऱ्यांसाठी उलटं. एवढं विचारलं की गिऱ्हाइकाला कळतं की आपल्या वस्तूवर कोणीतरी डोकं चालवतंय.

छापताना सगळं आरशातल्यासारखं उलटं. उलट्या मराठीत चूक दिसत नाही, म्हणून वाचून तपासायचं ते सुलटं असतानाच.

३० जुलै
राखीच्या ऑर्डरी यायला लागल्या. अडचण फोटोंची. २०० मिमीची पट्टी ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) भरायची तर आडवे सुमारे २,३६० पिक्सेल लागतात. व्हॉट्सॲपवर फोटो दाबून येतो, त्यातही तो कोणाच्या तरी स्टेटसवरून उचललेला. आता सगळ्यांना एकच निरोप : “दादा / ताई, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मूळ मोबाइलमधला.” ज्यांचा मूळ फोटोच नाही त्यांना पूर्ण पट्टी न सुचवता छोटा गोल फोटो आणि मोठं नाव सुचवते. लोक ऐकतात, कारण नमुना बघितला की त्यांनाच तो जास्त आवडतो.

नावाची खात्री लेखी घेते. चित्र पाठवायचं आणि गिऱ्हाइकाने नाव स्वतः टाइप करून परत पाठवायचं. नुसतं अंगठ्याचं चिन्ह चालत नाही. श्रुती की श्रुति, वैष्णवी की वैश्नवी, हे घरच्यांनी जसं लिहिलं तसं. शुद्धलेखन मी माझ्या मजकुरात पाळेन, माणसाच्या नावात त्याचंच ऐकेन.

१७ ऑगस्ट
आज जेवायला वेळ झाला नाही. हीटर दिवसभर तापलेला राहिला की आतला मग पटकन तापतो आणि सकाळचे १८० सेकंद दुपारी जास्त होतात. दुपारनंतर १६५ वर आणले. हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं, बुडावर मार्करने लिहीत गेलं की कळतं.

दराचं ठरवलं. कोरा मग ७२, शाई-कागद-टेप ७, खोका १४, फुटतूट आणि बाद नगांसाठी ६ : एकूण ९९. वीज? साडेतीनशे वॉटची प्रेस चार-पाच मिनिटं चालते, पंचवीस-तीस पैसे. खर्च होतो तो माझ्या डिझाइनच्या वेळेचा. एक नग २७५. दहाच्या वर एकाच डिझाइनचे असतील तर २२०. बाजारात दोनशेतही मिळतो, कोणी तसं म्हणालं की दोन्ही मग शेजारी ठेवते आणि नाव वाचायला सांगते.

३ सप्टेंबर
गणपती जवळ आले. मंडळाची मुलं मूर्तीचा फोटो घेऊन आली, मगावर हवा. शेजारच्या आजी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “देवाला उष्टं लावायचं व्हय रं?” मुलं गप्प झाली. मलाही ते पटलं. ठरवलं की मगावर देवाचा फोटो आणि राजमुद्रा छापायची नाही. मंडळाचं नाव, स्थापनेचं वर्ष आणि ठसठशीत अक्षरातला जयघोष असं करून दिलं. तेच जास्त उठून दिसलं, आणि शेजारच्या आळीतल्या मंडळानेही तसेच मागितले.

कार्टूनची पात्रं, सिनेमाची पोस्टर, क्लबांची बोधचिन्हं यांनाही नकार. ती दुसऱ्याच्या मालकीची आहेत. लहान मुलांच्या आयांना पात्राऐवजी मुलाने स्वतः काढलेलं चित्र आणायला सांगते. ती चित्रं मगावर फार गोड येतात.

२ ऑक्टोबर
मे महिन्यात छापलेले दोन मग घरात रोज वापरात आहेत, एक तारेच्या घासणीने घासायचा आणि एक मऊ स्पंजाने, असं आईंना सांगितलं होतं. आज दोन्ही उन्हात धरले. स्पंजाचा जसाच्या तसा. तारेच्या मगावर आडव्या रेघा, रंग उतरलेला नाही पण लेप खरवडला गेलाय. आता प्रत्येक खोक्यात चिठ्ठी : तारेची घासणी आणि राख नको, मऊ स्पंज वापरा. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनाही वाचता यावी म्हणून चिठ्ठीतलं अक्षर मोठं.

९ ऑक्टोबर
३ तारखेला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यानंतर दोन शिक्षिका बाई विचारायला आल्या, अक्षरांचा मग होईल का? माझ्या मनात मुळाक्षरांचा मग होताच. काल रात्री बसून केला. नुसत्या ओळी मांडल्या तर फळ्यावरच्या तक्त्यासारखा दिसतो, म्हणून अक्षरं वेगवेगळ्या आकाराची, पण क्रम मोडला नाही. मूल बोट ठेवत मग फिरवत जाईल आणि ‘ज्ञ’ला पोचेल. ळ मुद्दाम मोठा. ॲ आणि ऑ दोन्ही घेतले.

शिक्षिकांपैकी एकीची बहीण डब्लिनला असते. तिच्या मुलांसाठी दोन हवेत, मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. ते बहिणीच्या सासऱ्यांच्या सामानातून जाणार, म्हणून पॅकिंगची परीक्षा घेतली. तीन पदरी खोक्यातला मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर पडला आणि कानाशी तडकला. पाच पदरी खोका, आत बबलचे दोन वेढे आणि कानाच्या पोकळीत चुरगळलेला कागद ठेवून पुन्हा टाकला, कोपऱ्यावर आणि बुडावर. शाबूत. फुटतो तो कानच, म्हणून भरायची ती कानाची पोकळी.

२० ऑक्टोबर
एका पतसंस्थेची दिवाळीची ऑर्डर, सभासदांना भेट. अर्धी रक्कम आधी घेतली, नमुन्याच्या मगावर सही घेतली. एका प्रेसवर होणार नाही, म्हणून दुसरी मागवली. दोन प्रेस, तरी सेटिंग एक नाही : नवीचा हीटर जास्त कडक, तिथे १८५ अंशांवर तोच काळा येतो. दोन्हींवर चिकटपट्टी लावून आकडे लिहिले.

मुलगी आता टेप लावते. पट्टी काठाला समांतर आहे का ते डोळा लावून बघते, आणि नाव मोठ्याने वाचल्याशिवाय मग माझ्याकडे देत नाही.

२८ ऑक्टोबर
पतसंस्थेचा माल गेला. मामांकडे दिवाळीनंतरचे दोन खोके सांगून ठेवले. सणाचे चार दिवस काम बंद, पण प्रिंटर बंद ठेवला की हेडमध्ये शाई सुकते, म्हणून रोज एक रंगपट्टी काढायची. ते काम मुलीकडे दिलंय. मुळाक्षरांच्या मगाला आणखी चौदा नगांची मागणी आहे. त्यातल्या एका काकूंनी विचारलंय, अक्षरांसोबत मुलीचं नावही येईल का. डाव्या बाजूला, ३६ मिमीवर जागा आहे.